धमाल : जुन्नर-आंबेगावच्या प्रेक्षकांसाठी एका अनुबोधपटाची प्रस्तावना

कुकडीच्या काठी वसलेल्या जुन्नर कसब्याला हबशी हे नाव परके नाही. गावाच्या पूर्वेस हापूसबागेच्या बाजूला सौदागर घुमट म्हणून ओळखली जाणारी भव्य कबर उभी आहे. जुन्नरच्या परिसरातच एका जुन्या वाड्याचे भग्नावशेष लोक हबशी महाल म्हणून दाखवितात आणि परंपरा तो वाडा मलिक अंबरच्या नावावर लावते. महसुलाच्या इतिहासात थोडेफार शिरलेल्या माणसाला मलिक अंबरची जमाबंदी ठाऊक असते, आणि ज्याने इतिहास केवळ शाळेच्या पुस्तकात वाचला त्यालाही जंजिऱ्याचा सिद्दी आणि पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर विसरता येत नाहीत. आपल्या स्मृतीत हबशी माणसाला स्थान आहे ते असे. परंतु ते सरदाराचे, किल्लेदाराचे, दर्यावर्दी सुभेदाराचे किंवा वजिराचे आहे. ज्याच्या कमरेला तलवार नव्हती, ज्याच्या नावे कोणी फर्मान काढले नाही, जो गलबतातून उतरताच विकला गेला आणि कोणाच्या तरी चाकरीत आयुष्य घालवून निनावी मेला, तो हबशी आपल्या बखरींत नाही, दफ्तरांत नाही आणि घुमटाखालीही नाही. येथे ज्या अनुबोधपटाची ओळख करून द्यावयाची आहे तो या दुसऱ्या माणसाच्या, गुजरातेत सिद्दी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वंशजांविषयीचा आहे. ज्याच्याजवळून सर्वस्व काढून घेतले गेले त्याच्याजवळ ढोलावरचा हात तेवढा राहिला, आणि तो हात वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या कसा चालता ठेवला, हा त्याचा विषय होय.

‘फ्रॉम आफ्रिका टू इंडिया : सिदी म्यूझिक इन द इंडियन ओशन डायस्पोरा’ हा बोधपट नझीर अली जैराजभॉय आणि त्यांच्या पत्नी एमी कॅटलिन यांनी २००३ साली सिद्ध केला. जैराजभॉय हे मूळचे शास्त्रीय संगीताचे अभ्यासक. उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा त्यांचा १९७१ चा इंग्रजी ग्रंथ संगीतशास्त्राच्या विद्यार्थ्यांत सुप्रतिष्ठित आहे. लंडनमध्ये ते अर्नोल्ड बाके या डच पंडितांचे शिष्य होते आणि पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. गुरूंनी १९३८ साली हिंदुस्थानात ज्या ज्या ठिकाणी ध्वनिमुद्रणे व चित्रणे केली त्यांपैकी अनेक ठिकाणी १९८४ साली पुन्हा जाऊन, त्या वेळचे काय टिकले आणि काय लोपले याची या दांपत्याने केलेली तपासणी हे त्यांचे एक विशेष कार्य. अशा माणसाने उतारवयात रागदारीची बैठक सोडून गुजरातेतील सिद्दी फकिरांच्या ढोलांपाशी येऊन बसावे, यात मला मोठे औचित्य दिसते. शास्त्राच्या अधिकाऱ्याने लोकवाद्याकडे कौतुकाने पाहणे ही आपल्याकडील जुनी आणि थोडी उद्धट रीत आहे. त्याच्याकडे शास्त्र म्हणून पाहणे ही मात्र दुर्मीळ गोष्ट, आणि ती या बोधपटामागे आहे.

तथापि जुन्नरच्या प्रेक्षकाच्या मनात पहिला विचार मलिक अंबरचाच येणार, आणि तो येण्यास कारणही आहे. निजामशाहीचा उगमच या गावातला. बहमनी राज्य खिळखिळे झाले तेव्हा १४९० साली मलिक अहमदाने जुन्नरास स्वतंत्र सत्ता उभारली आणि मग काही वर्षांनी अहमदनगर वसवून तेथे राजधानी नेली. त्या दरबारात हबशी अंमलदारांचा मोठा गट होता. आफ्रिकेतील हबसाणात जन्मलेल्या, अरबस्तान व बगदादच्या बाजारांतून हातोहात विकल्या गेलेल्या अंबरास दख्खनेत आणले ते चंगीझखान नावाच्या निजामशाही पेशव्याने, आणि तो पेशवाही हबशीच होता, ही गोष्ट गुलामगिरीविषयीच्या आपल्या सरळसोट कल्पनांना धक्का देणारी आहे. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर अंबराने एका निजामशाही वंशजास परांड्यास तख्तावर बसविले आणि १६०७ च्या सुमारास राजधानी पुन्हा जुन्नरास आणली. काही काळाने ती दौलताबादेस गेली, शेजारी खडकी शहर उभे राहिले. १६२४ साली भातवडीच्या रणात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, आणि १६२६ साली तो वारला तेव्हा त्याची कबर खुलदाबादेस झाली. जमिनीची प्रत पाहून धारा ठरविण्याची त्याची पद्धत त्याच्या पश्चातही लोकांच्या बोलण्यात राहिली. एका विकल्या गेलेल्या मुलाने परगण्यापरगण्यांचा वसूल ठरवावा, इतका हा जीवनक्रम अद्भुत आहे की त्याच्या तेजात त्याच्या जातीचे इतर सारे दिसेनासे झाले.

येथेच प्रेक्षकाने एक सावधगिरी बाळगावयास हवी. बोधपटातील नृत्य पाहून, शिवनेरीच्या पायथ्याशी अंबराचे शिपाई असेच नाचत असतील असे चित्र मनाशी रंगविण्याचा मोह होईल, तो आवरावा. हबशी हा शब्द आपल्या पूर्वजांनी फार सैल हाताने वापरला. अंबर आणि त्याच्या काळचे बहुतेक नामांकित हबशी आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यातले, हबसाणच्या डोंगराळ मुलखातले. चौल-दाभोळसारख्या बंदरांतून ते दख्खनेत आले आणि येथील दरबारी फारसी-दख्खनी जीवनात दोन पिढ्यांत मिसळून गेले. गुजरातेतील सिद्दींच्या धमाल या नाचगाण्याची मुळे मात्र बऱ्याच अंशी त्याहून दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरची, आजच्या टांझानिया-मोझांबिककडच्या बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांतली आहेत. आणि त्या किनाऱ्यावरून माणसे आणण्याचा व्यापार एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होता. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वंशविषयक अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेने जातो. म्हणजे जुन्नरचा हबशी आणि भडोचच्या डोंगरावरचा सिद्दी यांच्यात सरळ वंशावळ जोडता येत नाही. जोडता येते ते एवढेच की एकाच समुद्राने दोघांना आणले, आणि आणल्यावर एकाला तख्ताच्या पायरीशी जागा मिळाली व दुसऱ्याला दर्ग्याच्या. मला वाटते, बोधपटाचे मोल या फरकामुळे कमी न होता वाढते. कारण तख्ताच्या पायरीशी बसणाऱ्याला आपला मूळ ताल विसरावा लागतो, आणि दर्ग्याच्या पायरीवर बसणाऱ्याला त्याच तालावर पोट भरावे लागते.

तो दर्गा भडोच जिल्ह्यातील रतनपूर गावाजवळच्या टेकडीवर आहे. बावा गोर हा तेथला मुख्य पीर. हबसाणातून आलेला, अकीकाच्या दगडाशी ज्याचे नाव कायमचे जोडलेले असा तो साधुपुरुष. या टेकड्यांतील अकीक खंबायतेस जाऊन तेथे त्याचे मणी घडविले जात आणि ते मणी अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर विकले जात, हे ध्यानी घेतले म्हणजे पीराच्या कथेत व्यापाराचा इतिहास कसा मुरला आहे ते कळते. त्याची बहीण माई मिश्रा. तेथील राक्षसिणीला जिंकण्याचे काम भावाच्याने न होता बहिणीच्या हातून झाले, अशी कथा सिद्दी सांगतात, आणि आपल्याकडील देवींच्या कथा ऐकून वाढलेल्या माणसाला ती मुळीच परकी वाटणार नाही. दर्ग्यावर मुसलमान येतात तसे हिंदू येतात, पारशीही येतात. आणि त्या सर्वांसाठी पीराशी बोलणारा मध्यस्थ सिद्दी फकीर असतो. समाजाच्या तळाशी असलेल्या माणसाला एका विशिष्ट जागी, विशिष्ट दिवशी असा अधिकार असावा, हे आपल्या पोतराज-वाघ्या-गोंधळ्यांच्या बाबतीतही आपण पाहत आलो आहोत.

वाद्यांकडे आता वळतो, कारण खरी संपत्ती तेथे आहे. मुगरमान हा जमिनीवर आपल्या पायांवर उभा राहणारा ढोल. तो उभ्याने वाजवावयाचा आणि त्याच्याभोवतीच मेळ्याची मांडणी व्हावयाची. मुशिंदो हा त्याहून आटोपशीर, लांबट, गळ्यात अडकविता येणारा. नारळाच्या करवंटीचा, वस्त्रात गुंडाळलेला एक खुळखुळा असतो आणि त्याला माई मिश्रेचेच नाव आहे; नफीर या शंखवाद्याचा नादही मधूनमधून उठतो. वाद्ये पीरांच्या नावांशी बांधलेली असल्यामुळे त्यांना हात लावताना धूप आहे, पावित्र्य आहे, मर्यादा आहे. गोंधळी संबळाला नमस्कार केल्यावाचून तो गळ्यात अडकवीत नाही हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यावर टीपेची गरज पडू नये. या सर्व प्रकाराला सिद्दी गोमा म्हणतात किंवा धमाल म्हणतात, आणि धमालीचे पुन्हा दोन प्रकार मानतात : बसून गाण्याची बैठी धमाल आणि उभ्याने नाचण्याची. गाण्यांना जिकर म्हणतात. त्यांत उर्दू-हिंदी आहे, गुजराती आहे आणि मध्येच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्वाहिलीचे तुकडे आहेत, ज्यांचा अर्थ गाणाऱ्यांनाही आता नीट सांगता येत नाही. पण ते तुकडे कोणी गाळीत नाही. ताल संथ सुरू होतो, एकच ओळ एकाने सांगावी आणि सर्वांनी उचलावी अशा रीतीने वाढत जातो, आणि एका मर्यादेनंतर नाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी हाल येतो. धामणीच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा एखाद्या जागरणात अंगात आलेले माणूस ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी या क्षणी पडद्यावरच्या माणसाकडे पाहू नये. ढोल वाजविणाऱ्याच्या हातांकडे पाहावे. त्या माणसाला तेथवर नेण्याचे आणि तेथून सुखरूप परत आणण्याचे दायित्व त्या हातांवर असते.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की सिद्दींवर कॅमेरा रोखणाऱ्यांचे लक्ष बहुधा भलत्याच गोष्टीवर जाते. मोरपिसे लावून, तोंडाला रंग फासून, कवड्या गुंफलेला कटिवेष नेसून नाचणारे तरुण, आणि उंच उडविलेला नारळ डोक्यावर झेलून फोडण्याचा त्यांचा पराक्रम, एवढेच सरकारी महोत्सवांतून आणि पर्यटनाच्या जाहिरातींतून देशभर पोहोचले आहे. शहरी प्रेक्षक नारळ फुटला की टाळी वाजवितो आणि ती टाळी ऐकून पुढच्या प्रयोगात आणखी दोन नारळ वाढतात. यात सिद्दींना दोष देण्याइतका मी सोवळा नाही. ज्यांना शेत नाही, पीठ नाही, दरबार नाही, त्यांनी आपल्या अंगच्या एकमेव गुणाला बाजारात बरा भाव येईल असा वेष घातला तर त्यात आक्षेपार्ह ते काय? मात्र पाहणाऱ्याने वेष आणि गुण यांतला फरक ओळखावा. जैराजभॉय दांपत्याचा कल नारळाकडे नसून वाद्यांकडे आणि वाजविणाऱ्यांच्या जगण्याकडे आहे. बेहरोझ श्रॉफ यांनी सिद्दींवर जे अनुबोधपट केले त्यांतही, मुंबईसारख्या शहरात पीराची गादी सांभाळणाऱ्या कुटुंबांचे बोलणे ऐकून घेण्याचा संयम आहे. ज्यांना एक बोधपट पाहून भूक वाढेल त्यांनी तेही मिळवून पाहावेत.

नारायणगावच्या माणसाला या गोष्टी मी सांगाव्यात हे खरे म्हणजे अनाठायीच आहे. यात्रांचा हंगाम जवळ आला की तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पाटील आणि यात्रा-कमिटीचे लोक येऊन सुपाऱ्या ठरवितात आणि जुन्नर-आंबेगावच नव्हे तर सबंध पश्चिम महाराष्ट्राच्या चैत्र-वैशाखातील रात्री तेथे वाटून दिल्या जातात. ढोलकीच्या थापेची पारख ज्या प्रदेशात व्यवहाराचा भाग आहे असा दुसरा प्रदेश मला महाराष्ट्रात माहीत नाही. त्याच प्रदेशाला, वाद्यावर प्रेम करणे आणि वाजविणाऱ्याला आपल्या पंक्तीला बसविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही पुरते ठाऊक आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाले, त्यांचे नाव घेतल्यावाचून तमाशाचा इतिहास पुरा होत नाही, आणि तरीही २००२ साली त्या गेल्या तेव्हा मागे वैभव नव्हते, हलाखी होती. त्यांच्या नावाने शासनाने पुरस्कार सुरू केला तो त्यानंतर. ढोलकी, हलगी, संबळ, डफ ही वाद्ये ज्या जातींच्या हातांत राहिली त्या जाती गावकुसाबाहेर ठेवून त्यांच्या वाद्यांवाचून मात्र गावातले एकही मंगलकार्य होऊ न देणारा जो आपला जुना बंदोबस्त, त्याची जुळी प्रत समुद्रापलीकडून आणलेल्या लोकांच्या बाबतीत गुजरातेतही लिहिली गेली होती. ज्याची सुपारी द्यावी त्याला सोयरा करू नये, हे कलम दोन्हीकडे एकच. म्हणून हा बोधपट पुण्यामुंबईच्या सभागृहांपेक्षा घोड आणि कुकडीच्या खोऱ्यांत अधिक चांगला समजेल अशी माझी धारणा आहे.

आपल्या भाषेच्या अधिक जवळचे सिद्दीही आहेत, आणि त्यांचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, अंकोला या तालुक्यांच्या जंगलपट्टीत राहणाऱ्या सिद्दींच्या घरची बोली कोकणी वळणाची आणि मराठी-कन्नड मिसळलेली आहे. त्यांतले बरेचसे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातून निसटून घाटावर आले असे मानतात. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि तिन्हींमध्ये दमाम हा ढोल व त्यावरचा नाच समाईक आहे. त्यांच्या बायका फुगडीही घालतात. २००३ साली त्यांचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला. नाशिकजवळच्या शरणपुरात तर एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुले मिशनऱ्यांनी शिकविली. त्यांतले काही पुढे लिव्हिंग्स्टन या प्रवाशाच्या आफ्रिकेतील शोधयात्रेत गेले, आणि १८७३ साली तो वारल्यावर त्याचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेले तरुण होते. बरेचसे पुन्हा मोंबासाकडे पाठविले गेले आणि नाशिकच्या मातीत त्यांचा ताल रुजला नाही. हा इतिहास मराठीत सविस्तर लिहिला जाण्याच्या लायकीचा आहे. येथे त्याला एवढीच जागा.

शेवटी मलुंगाविषयी. धनुष्याला दुधी भोपळ्याचा तुंबा बांधून केलेले हे एकतारी वाद्य; धनुष्य खांद्याशी घ्यावयाचे, तुंबा छातीशी धरावयाचा आणि बारीक काठीने तारेवर आघात करावयाचा. ब्राझीलमध्ये आफ्रिकी गुलामांच्या वंशजांनी राखलेले बेरिंबाव हे याच कुळातले. ढोल समूहाचे असतात, मलुंगा एकट्या भटक्या फकिराचा. दारोदार फिरून भिक्षा मागताना तो वाजवावयाचा, आणि तशी भिक्षा कमी होत गेली तसे वाजविणारेही बोटांवर मोजण्याइतके उरले. जैराजभॉय दांपत्याने नुसते चित्रण करून न थांबता हे वाद्य तरुण सिद्दींना पुन्हा शिकविले जावे म्हणून उपक्रम केला आणि त्याची हकिकत ‘द सिदी मलुंगा प्रोजेक्ट’ या २००४ च्या बोधपटात दिली आहे. अभ्यासकाने आपल्या अभ्यासविषयात असा हात घालावा काय, याबद्दल विद्वानांत मतभेद होतील. मला विचाराल तर, वाद्य मरताना बाजूला उभे राहून त्याची तपशीलवार नोंद करीत बसण्याच्या तटस्थतेत मला फारसे शास्त्र दिसत नाही.

तुणतुणे वाजविणाऱ्यांनी मलुंगाचा भाग जरूर ऐकावा. ढोलकीवाल्यांना तर एक विनंतीच आहे. मुगरमान आणि मुशिंदो यांच्या तालाचे वर्णन संगीतशास्त्राच्या परिभाषेत झाले आहे, पाश्चात्त्य स्वरलिपीतही झाले असेल. मराठी बोलांत मात्र ते बांधलेले मी कोठे वाचले नाही, आणि ते माझ्यासारख्या लेखणीवाल्याचे काम नव्हे. बोधपट संपल्यावर फडातल्या एखाद्या जाणत्या गड्याने ढोलकी पुढे ओढून, संथ लय कोठे मोडते आणि दुगण कोणत्या थापेवरून उचलली जाते ते हाताने काढून दाखविले, तर ते बोल कोणीतरी लगेच लिहून घ्यावेत.